साखर बंद करण्याआधी ती एकदा मोजून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय अडतीस, सातपूरच्या कंपनीत नोकरी, रोज सकाळी पाऊण तास चालणं, जेवण घरचं आणि वेळेवर. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.५, म्हणजे व्यवस्थित. फक्त ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, १५० च्या आत हवी ती २१० आली. ते बघून पत्नीने साखरेचा डबा उचलून ठेवला आणि गूळ आणला. मित्र रोज एक व्हिडिओ पाठवून साखर म्हणजे पांढरं विष असं सांगतो. आई म्हणते, आम्ही जन्मभर साखरेचा चहा प्यायलो, आम्हाला काय झालं? बाकी आहार संतुलित असेल तर वरून घातलेली साखर खरंच अपाय करते का, एवढं तुम्हाला हवं आहे. शिवाय सात वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा यांच्याबद्दलही विचारलंत.

मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ रोज येतो. आधी उत्तर सांगते, मग कारणं. खरोखर संतुलित जेवणात थोडी साखर निरोगी माणसाला अपाय करते, असं म्हणायला आधार नाही. पण 'थोडी' म्हणजे किती आणि 'संतुलित' कशाला म्हणायचं, या दोन जागी बहुतेकांचा हिशोब फसतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमचाही दोन्हीकडे फसला आहे, असं मला वाटतं.

'थोडी' पासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की दिवसभराच्या उष्मांकांपैकी मुक्त साखरेतून येणारे उष्मांक दहा टक्क्यांपेक्षा कमी असावेत, आणि पाच टक्क्यांखाली आणता आले तर अधिक चांगलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचना भारतीयांसाठी पाच टक्केच धरतात. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसाला ते दिवसाला २५ ग्रॅम होतात. मुक्त साखरेत फक्त डब्यातली पांढरी साखर नाही. गूळ, काकवी, मध, फळांचा काढलेला रस, बिस्किटातली आणि सॉसमधली साखर, सगळं त्यात आलं. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर मात्र त्यात धरत नाहीत.

आता चमचा. माझ्या टेबलावर एक छोटा डिजिटल वजनकाटा असतो. येणाऱ्यांना मी घरचा चहाचा चमचा सोबत आणायला सांगते, वाटीत साखर देते आणि म्हणते, घरी घालता तशीच घाला. सपाट चमचा साधारण चार ग्रॅम भरतो. पण सपाट कुणीच भरत नाही. शीग लावलेला तोच चमचा सहा-सात ग्रॅमवर जातो, आणि घरी चहात पोह्यांचा चमचा चालत असेल तर काटा दहाच्या पुढे जाऊन थांबतो. समोरच्याचा चेहरा त्या क्षणी बदलतो. आयुष्यभर 'मी एकच चमचा घेतो' म्हणणारा माणूस आकडा बघून पुन्हा एकदा भरून पाहतो, या वेळी जरा हात आखडून.

तुम्ही लिहिलंय, घरी दोन कप, कपाला दीड चमचा. शीग धरली तर अठरा-वीस ग्रॅम इथेच झाले. कंपनीत मशीनचा चहा दोनदा. त्या तयार पावडरीत बहुतेकदा साखर आधीच मिसळलेली असते, आणि एका कपात सात-आठ ग्रॅम सहज जाते. म्हणजे आणखी पंधरा. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं. त्यांच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा साखर असते, म्हणजे पाच ग्रॅम. एकूण चाळीस. ज्या दिवशी उन्हातून येताना आंब्याच्या पेयाचं २०० मिलिलिटरचं पाकीट घेता, त्या दिवशी त्यात पंचवीस-सत्तावीस ग्रॅमची भर पडते आणि आकडा पासष्टच्या पुढे जातो. तुमच्या मनात मात्र 'तीन चमचे' एवढीच नोंद आहे. घरातली साखर तुम्ही मोजली, बाहेरची मोजलीच नाही. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये हेच सर्वाधिक दिसतं. चहात स्वतःच्या हाताने घातलेली साखर क्वचितच खरी अडचण ठरते. अडचण असते ती आपल्या नकळत आलेली.

घरातला चहा पातेल्यात होत असेल तर कपाला किती हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी मी किराण्याची यादी मागते. चार मोठी माणसं आणि महिन्याला पाच किलो साखर, म्हणजे माणशी दिवसाला चाळीस ग्रॅमच्या वर. पाहुणे आणि सणवार वजा केले तरी तीस उरतात, आणि यात बाहेरचं काहीच आलेलं नाही. तुमच्या घरची यादी एकदा काढून बघा. मागच्या तीन महिन्यांची बघा, कारण एखाद्या महिन्यात दिवाळी असते.

आता 'संतुलित'. तुम्ही दुपारच्या डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची किंवा कोबीची भाजी, भात आणि पातळ वरण लिहिलंय. रात्री जवळपास तेच. घरचं आणि ताजं आहे, यात वाद नाही. पण बहुतेक ताट धान्याचं आहे. हे आपल्याकडे सगळीकडेच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीतून २०२५ मध्ये जी माहिती पुढे आली, तीनुसार आपल्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, आणि त्यातही पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांचाच भरणा जास्त. तांदूळ-गहू शेवटी ग्लुकोजच होतात. अशा ताटावर जेव्हा चाळीस-पन्नास ग्रॅम साखर येते, तेव्हा ती मोकळ्या जागेत येत नाही. एक तर ती दुसऱ्या कशाची तरी जागा घेते, म्हणजे डाळीची, दह्याची, अंड्याची, शेंगदाण्यांची. नाहीतर ती सगळ्याच्या वर चढते आणि पोटावर साठते. म्हणून 'बाकी आहार संतुलित असेल तर' हा तुमचा 'तर' मला आधी तपासावासा वाटतो.

आता साखर स्वतः काही वेगळं करते का, हा मुद्दा. इथे मी दोन्ही बाजू प्रामाणिकपणे सांगते, कारण व्हिडिओत एकच बाजू असते.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांना हवं तेवढं खाऊ देऊन फक्त साखर कमी करायला सांगितली, तेव्हा वजन सरासरी ०.८ किलोने उतरलं, आणि साखर वाढवली तेव्हा साधारण तेवढंच वाढलं. पण साखर काढून तेवढ्याच उष्मांकांची दुसरी कर्बोदकं दिली, तेव्हा वजनात फरक पडला नाही. म्हणजे वजनापुरतं बोलायचं तर साखरेत काही जादुई विष नाही. तिच्यामुळे एकूण खाणं नकळत वाढतं, ही खरी गोष्ट. हा निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो. चहा बिनसाखरेचा करून त्याच्या जोडीला खारी किंवा टोस्ट वाढवणाऱ्यांचं वजन जागचं हलत नाही.

आणि नकळत वाढण्यात सर्वात पुढे असते प्यायलेली साखर. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १५ जणांवर झालेला एक छोटा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. चार आठवडे त्यांनी रोज ४५० उष्मांकांच्या गोड गोळ्या चावून खाल्ल्या, आणि चार आठवडे तेवढ्याच उष्मांकांचं गोड शीतपेय प्यायले. गोळ्या खाल्ल्या त्या काळात त्यांचं बाकीचं खाणं आपोआप कमी झालं. शीतपेयाच्या काळात ते कमी झालंच नाही; पेयाचे उष्मांक सरळ वर चढले. प्रयोग लहान आहे, पण मी रोज जे बघते ते हेच सांगतं. मिसळीसोबत जिलबी खाल्लेला माणूस त्या दिवशी दुपारी कमी जेवतो. शीतपेयाची बाटली प्यायलेला माणूस नेहमीएवढंच जेवतो. म्हणून तुम्हाला एकच गोष्ट सोडायची असेल तर चहातला चमचा शेवटी ठेवा आणि ते आंब्याचं पाकीट आधी बंद करा. त्यावर फळाचं चित्र असलं तरी आत बहुतांश पाणी आणि साखरच असते.

दुसरी बाजू यकृताची, आणि तुमच्या २१० शी तिचा थेट संबंध आहे. साखरेचा रेणू अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोजचं बरंचसं काम मात्र यकृताच्या वाट्याला येतं. शरीराला गरज नसताना ते वारंवार आलं तर यकृत त्याची चरबी बनवतं. काही तिथेच साठतं आणि काही ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात रक्तात सोडलं जातं. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वयाच्या ४० मुलांवर अमेरिकेत प्रयोग झाला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना आठ आठवडे मुक्त साखर तीन टक्क्यांखाली ठेवलेला आहार दिला. त्यांच्या यकृतातली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. नेहमीचं खाणाऱ्यांमध्ये ती २१ वरून फक्त २० झाली. साखर कमी केलेल्या मुलांचं वजनही थोडं उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या साखरेला देता येत नाही. तरीही ट्रायग्लिसराइड्स वाढलेल्या माणसाला मी 'तुम्हाला साखर चालते' असं सहज म्हणत नाही. १५० च्या आत असतं तर तुमचं उत्तर वेगळं असतं.

इथे आपल्या अंगकाठीचाही विचार हवा. तुम्ही लिहिलंय की वजन उंचीच्या मानाने बरोबर आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधल्या आपल्या एका सहकाऱ्याबरोबरचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. पण इंग्रज सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसात चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे त्यांनी पुण्यातल्या बाळांपासून दाखवून दिलं आहे. त्यामुळे काट्यावरचं वजन बघून आपण निर्धास्त होऊ नये. शर्टाच्या आत पोट किती सुटलंय ते बघा. बेंबीच्या पातळीवर टेप लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखरेबाबतची सूट कमी होते.

तुमच्या आईंच्या म्हणण्याकडे येते. त्यांचं बरोबर आहे, अर्धं. त्या पिढीने साखरेचा चहा प्यायला, पण त्यांच्या दिवसात त्याखेरीज फारशी साखर नव्हती आणि हातपाय दिवसभर चालत होते. आजही ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये विरळणीला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला जाणाऱ्या बायका सकाळी सातपासून उभ्या असतात, हात वर करून. त्या दिवसातून पाच वेळा गोड चहा पितात आणि त्यांच्या वजनावर त्याचा परिणाम दिसत नाही. मी त्यांना साखर सोडा असं सांगत नाही; डब्यात मूठभर शेंगदाणे आणि घट्ट डाळ हवी, हे सांगते, कारण तिथे उणीव प्रथिनांची असते. खुर्चीत आठ तास बसणाऱ्याला तोच चहा वेगळा लागू पडतो. पाऊण तास चालता हे उत्तमच, पण त्यात साधारण दीडशे ते दोनशे उष्मांक जातात. आंब्याचं एक पाकीट आणि चार बिस्किटं तेवढे परत देतात.

काही प्रसंगी तर साखर हेच औषध असतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीने माणसं मरत होती आणि सलाइन संपलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली, आणि मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात ग्लुकोज असेल तर मीठ आणि पाणी त्याच्यासोबत आत ओढलं जातं, म्हणून हे काम करतं. जुलाबात ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. तसंच इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याला घाम फुटून थरथर सुटली आणि रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, तर तीन-चार सपाट चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तिथे 'साखर विष आहे' म्हणून हात आखडला तर जिवावर बेतेल. विष हा शब्द मला मान्य नाही, तो यासाठीच. भूक मेलेल्या आजींच्या खिरीत दोन चमचे साखर घालून वाटीभर दूध पोटात जात असेल तर मी स्वतः घालायला सांगते.

गुळाबद्दल. गूळ बव्हंशी साखरच आहे. त्यात थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण चहातल्या एका खड्यातून मिळणारं लोह इतकं थोडं असतं की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यापेक्षा अळिवाचा एक लाडू किंवा वाटीभर पालेभाजी आणि वर लिंबू, हे कितीतरी जास्त देतं. चव आवडते म्हणून गूळ घाला, माझी हरकत नाही. पण तो मोजायचा त्याच २५ ग्रॅममध्ये. माझा अनुभव असा की गुळावर आलेली माणसं आधीपेक्षा जास्त गोड खातात, कारण 'हा चालतो' असं मनाने ठरवून टाकलेलं असतं. चहा गुळाचा, वर चिक्की, वर गूळपोळी, आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट जसाच्या तसा. मधाचंही तेच. सकाळचं कोमट पाणी, लिंबू आणि दोन चमचे मध यात दहा-बारा ग्रॅम साखर आहे. मध घालून चरबी झडत नाही.

द्राक्षांचं मात्र नीट सांगायला हवं, कारण नाशिकमध्ये हा प्रश्न जानेवारी ते एप्रिल रोज येतो. बागायतदार 'मालाला अठरा शुगर आली' म्हणतात, आणि मग घरातले मधुमेही घाबरतात. ती अठरा म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर या रसाचा गोडवा मोजणाऱ्या उपकरणावर दिसणारे ब्रिक्स. शंभर ग्रॅम रसात साधारण अठरा ग्रॅम विरघळलेला ऐवज, त्यातला बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. शीतपेयात शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते, म्हणजे आपली द्राक्षं आकड्याने त्याहून गोड. तरीही दोन्ही एका तागडीत घालू नका. द्राक्ष चावावं लागतं, सालीसकट तंतू पोटात जातात, आणि वाटीभर खाल्ल्यावर हात आपोआप थांबतो. अमेरिकेतल्या मोठ्या लोकसमूहांची वर्षानुवर्षं नोंद ठेवून २०१३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी एक अभ्यास मांडला. त्यात अख्खी द्राक्षं, सफरचंद, ब्लूबेरी जास्त खाणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका कमी दिसला आणि फळांचा रस पिणाऱ्यांमध्ये जास्त. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण सिद्ध करणारा नाही, पण दिशा स्पष्ट आहे. तुम्ही जेवणाच्या मधल्या वेळेत वाटीभर द्राक्षं खुशाल खा. अर्धा किलो द्राक्षं मिक्सरमधून काढून, गाळून, ग्लासभर पिऊ नका. मधुमेह असलेल्यांनी दहा-बारा मणी, तेही जेवणावर लगेच नको. बेदाणा म्हणजे पाणी काढलेलं द्राक्ष. मूठभर खाताना किती द्राक्षं पोटात गेली ते कळत नाही, म्हणून चिमूटभरच.

इथवरचं थोडक्यात असं: तुमच्या बाबतीत साखरेला जागा आहे, पण ती लहान आहे, आणि ती आज आधीच भरलेली आहे, तीही बहुतेक बाहेरच्या पदार्थांनी.

मुलांचं वेगळं सांगते, कारण तिथे मी जास्त कडक आहे. चौदा महिन्यांच्या बाळाला वरून साखर, गूळ, मध काहीच नको. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचना सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांना साखर जास्त असलेले पदार्थ आणि गोड पेयं देऊ नका असंच सांगतात. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धापासूनचं साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये संपलं. रेशनिंगच्या काळात आईच्या पोटात आणि पहिली दोन वर्षं वाढलेल्यांची, नंतर जन्मलेल्यांशी तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. लहानपणी कमी साखर मिळालेल्यांना पुढे साठीच्या आसपास मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. आजी प्रेमाने बिस्किट चहात बुडवून भरवते, तेव्हा तिला थांबवणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. तिला 'देऊ नका' म्हणण्यापेक्षा हातात दुसरं काहीतरी द्या: मऊ खिमट, कुस्करलेलं केळं, उकडलेला रताळ्याचा तुकडा. बाळाला या वयात गोडाची ओळख केळ्याने झाली तर पुढचं पुष्कळ सोपं जातं.

सात वर्षांच्या मुलीचं दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा, आणि किती यापेक्षा किती वेळा याकडे जास्त लक्ष द्या. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या एका रुग्णालयातल्या रुग्णांवर साखरेचे प्रयोग झाले होते. माणसांशी असं वागणं अन्यायाचं होतं आणि आज ते कुणी करू धजणार नाही. पण त्यातून कळलं ते असं की जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा, दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेल्या चिकट गोळ्यांनी दात कितीतरी जास्त किडले. म्हणून शिरा जेवणात चालेल, दिवसभर तोंडात गोळी नको. दुधात घालायच्या पावडरी बघा. शंभर ग्रॅममध्ये तीस ग्रॅमपर्यंत साखर असलेल्या पावडरी 'वाढीसाठी' म्हणून विकल्या जातात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या सदरातून काढायला सांगितलं, ते उगाच नाही. मुलीला साधं दूध आवडत नसेल तर वेलची-जायफळ घाला, आणि सपाट अर्धा चमचा साखर स्वतःच्या हाताने घाला. ती पावडरीतल्या साखरेपेक्षा कमीच भरते.

पाकिटाच्या मागे बघायची सवय घरात सगळ्यांना लागली पाहिजे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे साखर पहिल्या तिनांत असेल तर तो गोड पदार्थ आहे, वर काहीही छापलेलं असो. आणि साखर तिथे वेगळ्या नावांनीही बसलेली असते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचा अर्क. पोषणाच्या तक्त्यात 'अ‍ॅडेड शुगर'ची ओळ शोधा. ती शंभर ग्रॅमला असते, तुम्ही किती खाता त्याप्रमाणे हिशोब करा. टोमॅटो सॉसचा तक्ता बघून बहुतेकांना धक्का बसतो.

साखरेच्या जागी गोडव्याच्या गोळ्या घ्याव्यात का, असं पुढे विचाराल. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नाही. तुम्हाला मधुमेह नाही. तुमची जीभ कमी गोडावर आणणं हा जास्त चांगला मार्ग आहे आणि त्याला फार वेळ लागत नाही. दर आठवड्याला कपात पाव चमचा कमी करा. एकदम बंद करणारे पंधरा दिवसांत परततात. हळूहळू उतरणाऱ्यांना दोन महिन्यांनी जुना चहा गोडमिट्ट लागतो.

सणांचं म्हणाल तर तिळगूळ, पुरणपोळी, आखाजीचा आमरस आणि मांडे, हे मी कुणाचं काढून घेत नाही. वर्षातले ते दिवस मोजके असतात आणि त्यांनी कुणाचे ट्रायग्लिसराइड्स २१० होत नाहीत. आंबा गोड असेल तर रसात साखर घालू नका, आणि त्या दिवशी भात बाजूला ठेवा, एवढंच. रविवारी मिसळीवर एक जिलबी घेतलीत तरी माझी हरकत नाही, त्या सकाळचा चहा बिनसाखरेचा ठेवा. सणाच्या नावाखाली महिनाभर फ्रीजमध्ये राहणाऱ्या मिठाईच्या खोक्याबद्दल मात्र हे म्हणत नाही.

तर तुम्ही काय करायचं. साखरेचा डबा परत जागेवर ठेवा आणि पत्नीला सांगा की भांडण डब्याशी नाही. घरचे दोन कप ठेवा, सपाट एकेका चमच्याचे; ते आठ ग्रॅम झाले. कंपनीत बिनसाखरेच्या चहाचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर एक कप कमी करा आणि दुसऱ्याच्या जागी ताक न्या. बिस्किटांऐवजी मूठभर भाजलेले फुटाणे. पाकिटातलं पेय पूर्ण बंद. डब्यातली एक पोळी कमी करून उसळ वाढवा, वरण घट्ट करा, रात्रीचा भात अर्धा करा. तुमच्या आकड्यासाठी साखरेइतकंच हेही मोलाचं आहे. मद्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा घेत असाल तर तेही ट्रायग्लिसराइड्स चढवतं, आणि वाइन द्राक्षांची असली म्हणून त्याला अपवाद नाही.

तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. आदल्या रात्री लवकर जेवा, दहा-बारा तास पाण्याखेरीज काही नको, आणि आदल्या दिवशी लग्नाचं किंवा पार्टीचं जेवण झालं असेल तर तारीख पुढे ढकला, कारण एका रात्रीच्या जेवणानेही हा आकडा उडतो. २१० ही पहिली तपासणी अशाच कुठल्या जेवणानंतरची होती का, हेही आठवून बघा. १५० च्या खाली आलात तर हीच पद्धत पुढे चालू ठेवा. दोनशेच्या वरच राहिलात तर थायरॉइडची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी यासाठी तुमच्या डॉक्टरांना भेटा, आणि आई-वडिलांपैकी कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर ते त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.